सासऱ्यांची ट्रंक आणि ह्यांचा छंद

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत माळे रिकामे होतात आणि मग आमच्याकडे पत्रं येऊ लागतात. गाद्यांना कुबट वास येतो, तांब्याची भांडी काळी पडलीत, ही नेहमीचीच. पण ह्या खेपेला दोन पत्रं अशी होती की ती मी वेगळी काढून ठेवली.

पहिलं सातारकडच्या एका भगिनीचं. सासरे फौजेतून निवृत्त झालेले, त्यांचे वडीलही फौजेतलेच. सासरे वारले, वर्षश्राद्ध झालं, आणि माळ्यावरची हिरवी ट्रंक खाली आली. आत पदकं, एक संगीन, लोकरीचा जुना कोट, कागदांची चळत, आणि एका मोज्यात बांधून ठेवलेली चार-पाच काडतुसं. शिवाय माळ्याच्या कोपऱ्यात ठासणीची एक बंदूक. यजमान म्हणतात विकून टाकू. धाकटे दीर अमेरिकेत असतात, ते म्हणतात मी घेऊन जातो, तिकडे अशा वस्तूंना मान आहे. सासूबाई काहीच बोलत नाहीत. “मी काय करू?” असं त्या विचारतात.

दुसरं पत्र नाशिकचं. त्यांच्या यजमानांना जुन्या बाजारातून संगिनी, लोखंडी शिरस्त्राणं, पलटणींचे बिल्ले आणायचा नाद. पाहुण्यांसाठी घेतलेलं काचेचं कपाट आता त्यानंच भरलं आहे. घरात दोन मुलगे, एक सात वर्षांचा, एक दहाचा. धूळ झटकायची बाईंनी आणि भीतीही बाळगायची बाईंनीच.

ह्या दुसऱ्या बाईंचं दुःख मला अगदी आतून कळतं, कारण आमच्याकडेही तेच आहे. लग्न झालं तेव्हा ह्यांच्याकडे एका सिगारेटच्या डब्यात सात बिल्ले होते. आज बारा वर्षांनी एक आख्खं कपाट आहे. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे सुरुवातीला मला कौतुक होतं. मग धूळ झटकता झटकता थोडं ज्ञानही आलं. तेच आज सांगते.

आधी त्या मोज्याबद्दल. बाई, तो मोजा आहे तिथंच राहू द्या. उन्हात नको, स्वयंपाकघराजवळ नको, आणि मुख्य म्हणजे “जुनीच तर आहेत, काय होतंय” असं म्हणणाऱ्या पुतण्याच्या हातात नको. काडतुसातली दारू वर्षं मोजत नाही. हातबॉम्बचं तर विचारूच नका. दुसऱ्या महायुद्धातले अननसासारख्या खाचा असलेले हातबॉम्ब कुणी कुणी कागदांवर वजन म्हणून ठेवतात. तो रिकामा आहे की भरलेला, हे वरून बघून तुम्हांआम्हांला सांगता येत नाही. अशी वस्तू सापडली तर खोली बंद करायची, मुलांना शेजारी पाठवायचं आणि ११२ ला फोन करायचा. लाजायचं कारण नाही. पोलिसांना अशा गोष्टी नव्या नाहीत.

आता बंदूक. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेतातली डुकरं-माकडं हाकायला ठासणीची बंदूक परवान्यावर ठेवत असत, अजूनही ठेवतात. फौजेतून आलेला माणूस घरात असला की ती त्याच्याच नावावर असायची. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नव्हे. माणूस गेला की घरच्यांना ती आपोआप आपली होत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते, आणि कुणा वारसाला ठेवायची असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं परवाना मागायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. पावती मात्र विसरू नका. “जमा केली होती” ह्या तोंडी बोलण्याला दहा वर्षांनी काही किंमत राहत नाही.

एक गोष्ट फार जणी विचारतात: बंदूक शंभर वर्षांची जुनी, गंजलेली, भिंतीवर शोभेला टांगलेली असेल तरीही? कायद्यात सूट आहे, पण ती वाटते तितकी सैल नाही. शस्त्र जुनाट किंवा मोडकं असलं, आणि दुरुस्ती करूनसुद्धा त्यातून गोळी सुटणं शक्य नसलं, तरच ते ह्या कायद्यातून सुटतं. “दुरुस्ती करूनसुद्धा” हे शब्द नीट वाचा. ते आपण घरात बसून ठरवायचं नसतं. आणि हो, बंदूक रिक्षात घालून ठाण्यावर नेऊ नका. आधी रिकाम्या हातानं जा, अर्ज द्या, ते सांगतील तसं करा. ठासणीच्या बंदुकीत कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेला बार तसाच असू शकतो. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

खरं तर आपल्या घरांतून बंदुका इतक्या कमी सापडतात त्याचं कारण इतिहासात आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ च्या कायद्यानं परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं हा हिंदी माणसाला गुन्हा ठरला. पोलिसांच्या खांद्यावर आपण लहानपणी पाहिलेली ‘थ्री नॉट थ्री’ ही बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यातली. तिच्या मापाची रायफल सामान्य नागरिकाला सहसा मिळतच नाही. तेव्हा नाशिकच्या बाई, तुमच्या यजमानांना कुणी ती “जुनी, बंद पडलेली” म्हणून देऊ करत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. ह्या बाबतीत बायकोनं कजाग झालेलं बरं.

संगिनीचं जरा वेगळं. ती बंदूक नव्हे, पण शस्त्र आहेच. (आपली विळी आणि शेतातला कोयता मात्र कायद्यानं शस्त्र नाही. केवळ घरकामाच्या आणि शेतीच्या वस्तू त्यानं वगळल्या आहेत. आमचे हे म्हणतात, हा कायदा करणाऱ्यांनी तुला विळीवर बसलेलं पाहिलेलं दिसत नाही!) ज्या भागात सरकारनं तशी अधिसूचना काढली असेल तिथं तलवारी-संगिनींनाही परवाना लागतो. आपलं गाव त्यात येतं का, हे ठाण्यात विचारून घ्यायचं.

जुन्या बाजारात सर्वांत जास्त दिसते ती १९०७ च्या नमुन्याची संगीन. लाकडी मूठ आणि सतरा इंचांचं पातं. इंग्रजांची रायफल जर्मनांच्या रायफलीपेक्षा आखूड होती, म्हणून पातं लांब केलं. पुढं दुसऱ्या महायुद्धात ईशापूरला हीच संगीन बारा इंचांवर आणली. मुठीजवळच्या सपाट भागावर कारखान्याची इंग्रजी अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं. विकत घेताना तेच आधी पाहायचं. पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोरबाजार, ‘शिवकालीन’ म्हणून हातात दिलेली वस्तू गेल्या पावसाळ्यातली असू शकते. तेजाबानं किंवा मिठाच्या मातीत पुरून आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो. खरी जुनी वस्तू तशी नसते. हात लागतो तिथं ती झिजून गुळगुळीत झालेली असते आणि हात पोचत नाही अशा कोपऱ्यात काळी पडलेली असते. आपली जुनी पोळपाट-लाटणी डोळ्यांपुढं आणा, लगेच कळेल.

ती ठेवायची कशी? म्यानात घालून नको. म्यानाचं कातडं पावसाळ्यात ओल धरतं आणि पातं आतल्या आत खातं. दोन्ही वेगवेगळी ठेवा. पात्याला उघडा हात लावू नका, घामातल्या मिठानं बोटांचे ठसे उमटतात आणि महिन्याभरात ते तांबडे होतात. मऊ सुती कापडावर शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब घेऊन हलका हात फिरवायचा, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. खोबरेल नको, ते चिकटून बसतं. पॉलिशपेपर तर मुळीच नको. गंजाबरोबर ती अक्षरं आणि वर्षही निघून जातं, आणि मग उरतो नुसता एक सुरा. लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात पुरे. आणि नाशिकच्या बाई, कपाटाला कुलूप आणि किल्ली तुमच्या कंबरेला. ह्या अटीवर आमच्याकडे बारा वर्षं शांतता आहे.

आता पदकांकडे येते. मला खरं बोलायचं आहे ते ह्यांच्याबद्दलच.

ट्रंक उघडली की घरातले पुरुष आधी संगिनीला हात घालतात. पदकं सोनाराच्या काट्यावर जायची भीती. कागद बहुधा भंगारवाल्याच्या वाट्याला. माझं म्हणणं, आपण बायकांनी ही ट्रंक अगदी उलट्या क्रमानं उघडावी. आधी कागद, मग पदकं, शेवटी लोखंड.

पदक घ्या आणि त्याची कड उजेडात धरून भिंगातून बघा. पहिल्या महायुद्धातलं असेल तर कडेवर, ताऱ्याच्या मात्र पाठीवर, बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पलटणीला १०३, ११०, ११४ किंवा ११७ असा आकडा आणि पुढं ‘मराठा’ असेल तर ते १९२२ च्या आधीचं, कारण त्या साली ह्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. ‘१११ महार’ असेल तर आणखी जपा. ती पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीसुद्धा. महार रेजिमेंट आली ती पुढं १९४१ मध्ये. नावांची स्पेलिंगं इंग्रज कारकुनाच्या कानानं केलेली असतात. तेव्हा आडनाव जुळत नाही म्हणून पदक आपलं नव्हे असं समजू नका. मोठ्यानं वाचून बघा.

बहुतेक घरांत त्या युद्धाची तीन पदकं एकत्र असायची. एक कांस्याचा तारा, त्यावर दोन तलवारींची फुली. एक कांस्याचं विजयपदक, त्याची फीत इंद्रधनुष्यासारखी. आणि एक चांदीचं, त्यावर एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. मजूर पलटणींतल्या लोकांना हे तिसरं पदक चांदीऐवजी कांस्याचं दिलं. त्याला सोनार हात लावत नाही, पण जाणकार ते आधी उचलतात. आणि जो परतला नाही त्याच्या घरी एक कांस्याची जाड तबकडी यायची, साधारण बारा सेंटिमीटर रुंद, सिंह आणि एक स्त्री असलेली. त्यावर फक्त नाव, हुद्दा नाही, मेल्यावर सारे सारखे म्हणून. एका घरात ती मी तांदळाच्या डब्यावर झाकण म्हणून पाहिली आहे. बाईंना ठाऊक नव्हतं, त्यांच्या सासूलाही नव्हतं.

आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं मागच्या वर्षी ह्यांना दाखवायला दोन पदकं आणली. सासर माण-खटावकडचं. तारा आणि इंद्रधनुष्यवालं, ११० मराठा. ही पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. पुण्याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या डिव्हिजनबरोबर ती कूत ह्या गावात अडकली. १४७ दिवसांचा वेढा, घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले. कैदेत कितीतरी मेले. ह्या बाईंचे आजेसासरे त्यातून परत आले होते म्हणे.

ह्यांनी पदकं हातात घेताच विचारलं, “तिसरं कुठाय? चांदीचं?” शिक्षिकेला काही माहीत नव्हतं. सुटीत आम्ही तिच्या सासरी गेलो तेव्हा तिच्या सासूबाईंना विचारलं. वय ब्याऐंशी, पण बोलणं खणखणीत. त्या म्हणाल्या, “घोड्यावरचा नागडा बाबा व्हता त्येच्यावर. बहात्तरच्या दुष्काळात म्याच नेऊन दिलं सोनाराला. ही दोन पितळंची म्हनाला, न्या परत.” त्या दिवसांत त्या खडी फोडायला जात. पोरांना सुकडी मिळायची, घरी लाल मिलो. चांदीचं पदक गेलं आणि त्याची चार दिवसांची ज्वारी आली. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. पोरं जगली.

इंग्लंडातसुद्धा १९८० च्या सुमाराला चांदीचा भाव चढला तेव्हा ही पदकं ढिगांनी वितळली गेली. त्यांच्यावर दुष्काळ नव्हता, एवढंच. म्हणूनच आज जुन्या बाजारात तिन्ही पदकं एका नावाची मिळणं कठीण. तारा इथं, चांदीचं तिथं, आणि तिसरं कुणाच्या तरी पोरानं खेळताना विहिरीत टाकलेलं.

आमच्या ह्यांचं मन मोठं. त्यांनी तिथंच सांगितलं, “आजी, माझ्याकडे चांदीची तीन आहेत. एक तुम्हांला देतो, तुमची जोडी पुरी होईल.” संग्रह करणाऱ्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही हो.

आजी म्हणाल्या, “त्येच्यावर नाव कुनाचं हाय?”

ह्यांनी सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी आहे, पण पलटण मराठ्यांचीच.

“मग आमच्या घरात कशाला? त्येच्या घरचं हुडकत असतील की.”

येताना एसटीत हे फारसे बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कपाटातला पदकांचा ट्रे काढला. तेरा पदकं, तेरा नावं. इतकी वर्षं मी ती पुसली होती आणि ह्यांनी दहा वेळा मोजली होती. आता एक वही केली आहे. प्रत्येक पानावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, कुठून किती रुपयांना घेतलं ते. जमेल तिथं विचारपूस चालते. अजून एकाचंही घर सापडलेलं नाही. कडेवर गावाचं नाव नसतं ना.

त्या नावाचं महत्त्व किती, हे मला पुढं एक गोष्ट वाचून कळलं. मेसोपोटेमियात ज्यांच्या थडग्याचा पत्ता लागला नाही अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर गोऱ्यांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. पण साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या कोरली. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं अशा ठिकाणी भेदभाव झाल्याचं २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केलं आणि माफीही मागितली. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या वर हिंदी लोक गेले, चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचेच ४६ जण त्यात होते. अशा एखाद्या शिपायाचं नाव धातूवर कुठं कोरलेलं असेल तर ते बहुधा घरी आलेल्या पदकावर किंवा त्या तबकडीवर. तुमच्या पोटमाळ्यावर.

म्हणून सांगते, पदकांना चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यांपैकी काहीही लावायचं नाही. घासून घासून कडेवरची अक्षरं पुसट होतात. मऊ कापडानं पुसा, बस्स. काळपट दिसलं तर दिसू द्या. वर्तमानपत्रात किंवा लोकरीत गुंडाळू नका, रबरबँड लावू नका, चांदी त्यानं अधिक काळी पडते. धुतलेल्या जुन्या मलमलीत एकेक वेगळं बांधा. प्लॅस्टिकच्या पिशव्या आपल्या पावसाळ्यात आतून घामेजतात. फिती धुऊ नयेत. फाटकी फीत काढून नवी लावली तर जुनी पाकिटात जपून ठेवा. १९७१ च्या युद्धातले पूर्वी आणि पश्चिमी तारे अनेक घरांत आहेत, त्यांनाही हेच नियम.

कागदांचं तर पदकांहून महत्त्व जास्त, आणि ते नुसतं भावनेचं नाही. सेवामुक्तीचा दाखला, सेवेचं पुस्तक, पेन्शनचे कागद, ह्यांवर सासूबाईंचं कुटुंब निवृत्तिवेतन उभं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारकडून मासिक अनुदानही आहे. माझ्या माहितीतल्या एका घरात संगीन चकचकीत करून भिंतीवर लावली आणि दाखला जुन्या वह्यांबरोबर रद्दीत गेला. मग त्या म्हाताऱ्या बाईंनी नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी वर्षभर खेपा घातल्या. कागद उलगडताना तुटत असतील तर ओढू नका, चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर नकोच. सपाट ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा, आणि मूळ कागदासकट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. फोटोंच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनं नावं लिहा, शाई पुढच्या बाजूला उमटते. ही नावं सांगायला सासूबाईंनाच बसवा. सातारच्या बाई, तुमच्या सासूबाई काही बोलत नाहीत असं लिहिलंत. त्यांना विकायचं की ठेवायचं असं विचारू नका. हा फोटो कुणाचा, एवढंच विचारून बघा.

दीरांना मात्र जरा थांबवायला हवं. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आजेसासऱ्यांचं १९१४ चं काही असेल तर पुरातत्त्व खात्याचा अभिप्राय घेतल्याशिवाय ते सामानात घालू नये, आणि संगीन तर विमानतळावर फार महागात पडेल. फोटो आणि कागदांच्या प्रती न्या म्हणावं. अमेरिकेत वाढणाऱ्या पोरांना त्या नंबराच्या आधारानं शोधायला पुष्कळ मिळेल.

विकायचंच असेल तर विका, त्यात पाप नाही, अडचण कुणाला सांगून येत नाही. फक्त चांदीच्या वजनानं विकू नका, आणि तिन्ही पदकं एकत्र द्या, फोडू नका. देणगी द्यायची असेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, तिथं पलटणीचं संग्रहालय आहे. कुणाकडेही द्या, लेखी पोच घ्या. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय पाहिलं नसेल तर मुलांना घेऊन जरूर जा. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं ते उभारलं, पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती, आणि १९७५ मध्ये हजारो वस्तू सरकारच्या स्वाधीन केल्या. तिथं शस्त्रं आहेत आणि अडकित्ते, दिवेही आहेत. अडकित्त्यांपुढं बायका थांबतात, तलवारींपुढं पुरुष. मी दोन्हींपुढं थांबते, आता सवयच लागली आहे.

लोकरीचा कोट राहिलाच. झटकून, सावलीत वारा देऊन, सुती चादरीत गुंडाळा. डांबरगोळ्या कापडाला चिकटून नकोत, कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. पितळी बटणांखाली कागदाचा तुकडा सरकवून ठेवला तर हिरवा डाग कापडावर उतरत नाही.

नाशिकच्या बाईंनी जाता जाता विचारलंय, तोफगोळ्याची पितळी पुंगळी आहे, फुलदाणी करू का? तळाच्या मधल्या टोपीवर ठोक्याचा खळगा असला तर बार उडालेला आहे, असं सहसा समजतात. तरी एखाद्या जाणत्या माजी सैनिकाला दाखवून घ्या. मग करा खुशाल. पाणी घालू नका, तळाशी हिरवं कळकतं आणि टेबलावर गोल डाग पडतो. सुकवलेली फुलं ठेवा, नाहीतर मोरपिसं.